वीतभर राहिलं होतं

खंडेनवमीला वडगावात माणसाला माणसाचं बोलणं ऐकू येतं. वर्षाच्या बाकीच्या दिवशी सकाळी यंत्रमाग सुरू झाले, की गल्लीत फक्त खडखडाट असतो. त्या खडखडाटात मी दहा वर्षं मराठी शाळेत खेळाचा मास्तर म्हणून शिट्टी फुंकली. पोरींना ती कधी नीट ऐकू गेली असेल असं मला वाटत नाही. पण खंडेनवमीला मागांची पूजा होते, आडवा धागा नेणाऱ्या धोट्यांना झेंडूची फुलं वाहतात, आणि गल्ली अशी गप्प होते, की पाहुण्याला वाटावं इथं काहीतरी वाईट घडलंय. नेमक्या त्या दिवशी पूजा आटोपून शंकरआप्पा आपल्या घराच्या पायरीवर येऊन उभे राहायचे आणि येणाऱ्या हंगामात आमच्या मुलींचा बेसबॉलचा संघ कितवा येणार, हे जाहीर करायचे.

बेसबॉलच. हसू नका, मीही सुरुवातीला हसलो होतो. ज्या मुलखात पोरगं चालायला लागलं की तालमीत नेतात, तिथं हा खेळ माझ्या आधीच्या मास्तरांनी कुठल्याशा शिबिरातून आणला आणि तो पोरींनी उचलला, शाळा सुटली तरी सोडला नाही. दिवाळीनंतर दर रविवारी उचगाव, सांबरा, खानापूर, संकेश्वर, निपाणी आणि आम्ही, असे सहा संघ एकमेकांशी खेळायचे. एका बाजूची मुलगी चेंडू फेकते, दुसऱ्या बाजूची दांड्यानं तो मारते आणि चार बेसना वळसा घालून परत आली की एक धाव. तीन पोरी बाद झाल्या की डाव संपला. यापलीकडचे नियम मलाही पुस्तकात बघावे लागायचे. आप्पांना लागायचे नाहीत.

आप्पा साड्या विणायचे. घरातच पुढच्या खोलीत चार माग, पाठीमागे संसार. त्यांचा आणि आमचा संबंध आला तो भांडणातून. आमचा एक चेंडू शाळेची भिंत ओलांडून त्यांच्या खिडकीतून आत गेला आणि चालू मागावर पडला. ताण्याचे चाळीसेक धागे एका दमात तुटले. तुटलेला प्रत्येक धागा हातानं सांधायचा असतो, म्हणजे आप्पांची दुपार गेलीच. चेंडू मुठीत धरून ते मैदानावर आले ते मला फाडून खायच्या तयारीनंच.

"कुणी टाकला ह्यो?" त्यांनी विचारलं. चाळीस वर्षं मागाशेजारी उभं राहून त्यांच्या कानात काही उरलं नव्हतं. त्यामुळं ते साधं बोलले तरी ओरडल्यासारखं वाटायचं, आणि तेव्हा तर ते खरोखरच ओरडत होते.

शोभा पुढं आली. आमची पिचर, म्हणजे चेंडू फेकणारी. नववीतली काडीसारखी पोर.

"मी न्हाय आप्पा. मी टाकलेला तिनं मारला."

"मग परत टाक बगू. कसा टाकतीस त्ये दाव."

शोभानं टाकला. आप्पांची मान चेंडूबरोबर अशी सर्रकन फिरली, जशी ती दिवसभर धोट्याबरोबर फिरते. त्यांनी शोभाला तसे वीस चेंडू टाकायला लावले. मग चेंडू परत दिला, घरी गेले आणि पुढच्या रविवारी पांढरं धोतर नेसून, टोपी घालून सांबऱ्याच्या मैदानावर हजर झाले. त्यानंतर त्यांनी एकही सामना चुकवला नाही.

त्यांची बसायची जागा ठरलेली, पिचरच्या सरळ रेषेत, दोरीबाहेर. मांडीवर रंगीत दोरा. पिचरनं एक चेंडू टाकला की दोऱ्याला एक गाठ. विणकराची गाठ, डोळे मिटायच्या आत पडणारी, बोटांकडं न बघता. सामना संपला की ते दोरा मोजून मला सांगत, "मास्तर, आज ब्याण्णव." शोभाचा दोरा जांभळा होता, तिच्यानंतर आलेल्या रेणुकाचा हिरवा. घरी मागाच्या वरच्या खिळ्यावर हे दोरे टांगलेले असत. त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या आक्कांना, ही अडगळ मुळीच पसंत नव्हती. "दुसऱ्यांच्या घरात देवांचं फोटू असत्यात," त्या म्हणायच्या.

कान गेले होते, पण डोळ्यांनी त्यांची भरपाई केली होती. मागावरचे लोक ओठांवरून बोलणं ओळखतात, मराठी काय नि कानडी काय. एकदा उचगावच्या मैदानावर समोरच्या संघाच्या मास्तरांनी पोरींना गोळा करून कानात डाव सांगितला. आप्पांनी तो शंभर पावलांवरून वाचला आणि मला हळूच सांगायचं म्हणून सांगितला. त्यांचं हळूच म्हणजे काय, ते तुम्हाला कळलंच असेल. सगळ्या मैदानानं ऐकलं, उचगावच्या पोरी तोंडाला ओढणी लावून हसत सुटल्या आणि ते मास्तर पुढची दोन वर्षं माझ्याशी बोलले नाहीत.

आणि हातवारे. खडखडाटात घसा फोडून काय उपयोग, म्हणून वडगावात मागावरची सगळी भाषा हाताची. मूठ डोक्यावर धरली की माग थांबव. एक बोट हवेत गोल फिरवलं की चालू कर. घरातलं लहानगं पोरसुद्धा मूठ दिसली की हातातलं काम टाकून थांबतं. का थांबायचं ते नंतर विचारायचं, कारण विचारत बसलं तर तोवर धागे गेलेले असतात, कधी कधी बोटही.

भाकितांकडं वळतो. आमच्या गल्लीला आप्पांचा अभिमान होता आणि रागही होता, कारण ते आपल्याच संघाबद्दल कधी गोड बोलायचे नाहीत. पहिल्या वर्षी पायरीवरून म्हणाले, "चौथं." चौथेच आलो. दुसऱ्या वर्षी, "चौथं, पण सांबऱ्याला हरवू." अगदी तसंच झालं. तिसऱ्या वर्षी लोक चिडले. कुणीतरी म्हणालं, "आप्पा, तोंडानं तरी चांगलं बोला की. आशा म्हणून काय हाय का न्हाय?"

"आशा येगळी, अंदाज येगळा," आप्पा म्हणाले. "आशा घरात ठिवायची. पायरीवर अंदाज सांगायचा."

त्यांची आशा काय आहे, हे मी एकदा खोदून खोदून विचारलं. त्यांनी माझ्या ओठांकडं न बघता दोऱ्याकडं बघितलं. म्हणजे ऐकलंच नाही असं दाखवायची त्यांची ही पद्धत.

चौथ्या वर्षी त्यांनी सांगितलं, "यंदा फायनल गाठतोय." शोभा तेव्हा कॉलेजात होती आणि तिच्या हातातून चेंडू असा सुटायचा की समोरचीला दांडा हलवायची आठवण व्हायची नाही. आम्ही संकेश्वरला सेमीफायनल जिंकलो, भाकीत खरं ठरलं, परत येताना टेम्पोत पोरींनी आप्पांना डोक्यावर घेतलं. फायनल आम्ही हरलो, पण त्याचं कुणाला काही वाटलं नाही. शोभा फायनल खेळली नाही, कारण संकेश्वरच्या शेवटच्या डावात तिच्या खांद्यात काहीतरी तुटलं होतं. ते पुढं कधी नीट जुळलं नाही. आज तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. तिची वेणी तिची आई घालते.

हे सगळं मला माहीत होतं. पण दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत जे कळलं, ते माहीत नव्हतं.

त्या हंगामाच्या खंडेनवमीला आप्पा पायरीवर आले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "यंदा कप आपला." गल्ली अशी ओरडली की माग चालू झाल्यासारखं वाटलं. त्या एका वाक्यानं आमची झोप गेली. आप्पा चुकत नाहीत, म्हणजे हरलो तर चूक पोरींची. किराणा दुकानात, दळणाच्या गिरणीत, पोरी दिसल्या की लोक म्हणायचे, "कप कवा आणताय?" सगळ्यात जास्त ताण रेणुकावर. तिच्या वडिलांचे दोन माग, ती बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. फेब्रुवारीत बेंगळूरला खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरीसाठी तिची चाचणी होती. अर्ज कानडीत होता, तो भरायला ती, तिचे वडील आणि मी असे तिघं बसलो होतो. तिचा तो हात म्हणजे अख्ख्या घराचं पुढचं आयुष्य होतं, आणि आम्ही तो दर रविवारी मैदानात आणत होतो.

एकामागून एक सामने जिंकत गेलो. जेवढं जिंकायचो, तेवढे आप्पा गप्प होत चालले. फायनल निपाणीला, निपाणीशीच. आठ दिवस राहिले असताना मी त्यांच्या घरी गेलो. म्हटलं, पोरगी घाबरलीय, दोन शब्द धीराचे सांगा तिला.

त्यांनी चारही माग बंद केले. कामाच्या दिवशी त्यांनी माग बंद केलेले मी कधी पाहिले नव्हते. मग खिळ्यावरचा एक जांभळा दोरा काढून माझ्या हातात दिला.

"बगा."

बघितलं. सुरुवातीच्या गाठी सारख्या अंतरावर होत्या. शेवटी शेवटी एकीवर एक चढलेल्या, वेड्यावाकड्या.

"संकेश्वरचा हाय. शोभीचा," ते म्हणाले. "तिचं कोपर खाली याय लागलंतं. दुसऱ्याच डावात बगितलंतं मी. धागा तुटायच्या आदी लोंबतोय, तसं. मला दिसलंतं, मास्तर."

मी दोरा त्यांच्या हातात परत दिला.

"साडी संपत आली, वीतभर ऱ्हायली, की आमी माग थांबवत न्हाय. धागा गेला तर जाऊं दे, पदर येऊं दे. सगळं वडगाव असंच करतंय. मी बी तसंच केलं. वीतभर ऱ्हायलंय, फायनल येतीय, आपलं भाकीत खरं हुतंय, म्हणून मूठ वर केली न्हाय. साडी असती तर खोट घडीत झाकली असती, हात कसा झाकायचा?" त्यांनी दोरा परत खिळ्याला अडकवला. "आता रेणुकाचं कोपर खाली याय लागलंय."

"मग तिला खेळवायचंच नाही?"

"तिला न्हाय खेळवलं तर ती जीव दील. ऐंशी गाठी. ऐंशी झाल्या की काढा तिला. मला शब्द द्या."

मी शब्द दिला. मागावर हात ठेवून दिला. त्यांच्यात तसाच देतात.

निपाणी माझं गाव. त्या दिवशी ज्यांच्याबरोबर मी लहानाचा मोठा झालो ते सगळे समोरच्या बाजूला बसले होते आणि मला शिव्या घालत होते. मैदान भरलं होतं. कुणी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर, कुणी भिंतीवर. सात डावांचा सामना. सहा डाव झाले तेव्हा आम्ही चार आणि निपाणी तीन. सातव्यात आमची धाव झाली नाही, उरला फक्त त्यांचा डाव. त्यांच्या तीन पोरी बाद केल्या की कप वडगावचा. दोन बाद झाल्या. पण त्यांच्या दोघी बेसवर पोचल्याही होत्या, एक दुसऱ्या, एक तिसऱ्या. एकच पोरगी बाद करायची राहिली होती.

मी दोरीकडं बघितलं. आप्पांनी हिरवा दोरा दोन्ही हातांनी ताणून माझ्याकडं धरला होता. त्यांनी बोटं दाखवली नाहीत, दाखवायची गरज नव्हती. ऐंशी भरल्या होत्या. मी मान दुसरीकडं वळवली. इथं खोटं लिहून काय मिळवायचंय? दिलेला शब्द मला चांगला आठवत होता आणि मी मुद्दाम मान वळवली. वीतभर राहिलं होतं.

रेणुकानं कपाळ पुसलं. तिचं कोपर खाली आलेलं आता मलाही दिसत होतं. एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसेना. तिनं एक चेंडू टाकला. दुसरा टाकला. दुसरा टाकताना तिचा चेहरा एका बाजूनं ओढला गेला. तिनं तिसऱ्यासाठी पाय उचलला, हात मागं नेला.

आप्पा उभे राहिले आणि त्यांनी मूठ डोक्यावर धरली.

रेणुकाच्या सरळ समोर. ती थांबली. ती ठरवून थांबली नाही, विचार करायच्या आधीच हात थांबला. चालायला लागल्यापासून मूठ बघितली की थांबायचं, हेच ती शिकली होती. चेंडू हातातून गळून तिच्या पायाशी पडला.

आता इथं नियम असा, की सुरू केलेली फेक अर्धवट सोडली तर बेसवरच्या मुलींना एकेक बेस फुकट मिळतो. पंचांनी हात वर केला. निपाणीची तिसऱ्या बेसवरची पोर चालत शेवटच्या बेसवर आली. चार-चार. मैदान पेटलं. आमची बाजू ओरडत होती ती आप्पांच्या नावानं. मी पळत आत गेलो. माझा शब्द मी आत्ता पाळत होतो, उशिरा, निर्लज्जासारखा. रेणुकाला बाहेर काढलं आणि आमची दुसरी पिचर ज्योती, तिला आणलं. तिचा पहिलाच चेंडू निपाणीच्या पोरीनं दूर टोलावला, तिसऱ्यावरची धावत परत आली आणि सामना संपला.

आप्पा मूठ खाली घ्यायचं विसरले होते. कुणीतरी त्यांची टोपी उडवली. मी ती उचलून दिली, तेव्हा ते माझ्याकडं बघून एवढंच म्हणाले, "ब्याऐंशी."

रेणुका परतीच्या टेम्पोत त्यांच्याकडं पाठ करून बसली होती. उतरताना म्हणाली, "हात माझा व्हता, आप्पा. तुमचा नव्हता." त्यांनी तिच्या ओठांवरून ते वाचलं असणार, कारण ते मान हलवून हो म्हणाले. त्यानंतर ती त्यांच्याशी बोलली नाही.

आप्पा बरोबर होते का? मला माहीत नाही. डॉक्टरांनी खांदा दाबून बघितला, सूज आहे म्हणाले, पंधरा दिवस विश्रांती द्या म्हणाले. आणखी टाकले असते तर काय झालं असतं, असं मी विचारलं. ते म्हणाले, "न झालेल्याचं मी काय सांगू?" फेब्रुवारीत ती चाचणीला गेली, चांगलं टाकून आली, आणि यादीत तिचं नाव आलं नाही. गल्ली म्हणाली, कप बी गेला आणि नोकरी बी गेली. माझ्या शब्दाबद्दल कुणाला ठाऊक नव्हतं. आप्पांनी ते कुणाला सांगितलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. सगळा राग त्या म्हाताऱ्यानं एकट्यानं घेतला. याची लाज मला अजून वाटते.

त्याच वर्षी माझी निपाणीच्या शाळेत बदली झाली. सामान हलवायचं काही राहिलं होतं, ते न्यायला मी मुद्दाम खंडेनवमीचा दिवस धरून गेलो. गल्ली तशीच गप्प होती. आप्पांच्या दारात झेंडूचं तोरण होतं. पायरीसमोर मात्र कुणी नव्हतं. लोक आपापल्या दारात उभे होते, पण पुढं येत नव्हते. नवा हंगाम महिन्यावर आला होता, पोरी सराव करत होत्या, रेणुकाही करत होती. समोरच्या घराच्या उंबऱ्यावर ती केस मोकळे सोडून बसली होती.

आप्पा बाहेर आले. रिकाम्या गल्लीकडं बघितलं आणि आत जायला वळले.

तेव्हा शोभा आली. कोपऱ्यावरून चालत येऊन पायरीच्या अगदी समोर उभी राहिली, म्हणजे त्यांना ओठ दिसावेत. "आप्पा," ती म्हणाली, "यंदाचं सांगा की."

ते तिच्याकडं बघत राहिले. ती हलली नाही.

"यंदा अंदाज न्हाय माज्याकडं," ते म्हणाले, त्यांच्या त्या हळू आवाजात, म्हणजे गल्लीच्या शेवटापर्यंत. "आशा हाय. ती सांगतो. हंगाम सपल तवा नऊच्या नऊ पोरी आपापल्या हातानं येणी घालत असतील. बास."

शोभानं डावा हात उचलून डोळे पुसले.

समोरच्या उंबऱ्यावर रेणुका उठून उभी राहिली. दोन्ही हात मागं नेऊन तिनं केसांची गाठ मारली, घट्ट. मग आप्पा बघतायत याची खात्री करून, आवाज न काढता, नुसत्या ओठांनी तिनं विचारलं, "आणि कप?"

आप्पांनी हात वर केला. पाची बोटं मिटली, मग त्यातलं एक उघडलं आणि हवेत गोल फिरवलं.